संशोधनातले शोधन

हिंदी वर्तमानपत्रात ‘संविधान संशोधन’ असा मथळा दिसला की मराठी वाचक क्षणभर थबकतो. राज्यघटनेवर कुणी प्रबंध लिहिला की काय, असे त्याला वाटते. बातमी असते घटनादुरुस्तीची. हिंदीत संशोधन म्हणजे दुरुस्ती, आणि आपण ज्याला संशोधन म्हणतो त्याला तिकडे शोध किंवा अनुसंधान म्हणतात. शेजारच्या गुजरातीत आणि कन्नडमध्ये मात्र हा शब्द आपल्याच अर्थाने चालतो. मूळ अर्थाच्या जास्त जवळ कोण, असे विचारले तर कौल हिंदीच्या बाजूने द्यावा लागेल. ‘शुध्’ धातूला ‘सम्’ उपसर्ग लागून हा शब्द होतो. त्याचा अर्थ नीट शुद्ध करणे, मळ काढणे, चूक काढणे.

म्हणजे मराठीने मूळ अर्थ टाकून दिला का? मला तसे वाटत नाही. आपल्याकडे तो अर्थ झाकला गेला आहे, पण आत जिवंत आहे. आरोग्य, शिक्षण, समाज या क्षेत्रांत ज्या अभ्यासांनी लोकांच्या जगण्यात खरोखर फरक पडला, ते पाहिले तर त्यांत हा झाकलेला अर्थच काम करताना दिसतो. त्या अभ्यासकांनी उत्तर शोधण्याआधी प्रश्न धुऊन घेतला.

आधी ‘शोधणे’ हे आपले रोजचे क्रियापद पाहू. मोल्सवर्थच्या १८५७च्या कोशात त्याचे धुंडाळणे आणि शुद्ध करणे हे दोन्ही अर्थ मिळतात. आज पहिला उरला आहे आणि दुसरा वैद्यांकडे गेला आहे. आयुर्वेदात शोधन आणि शमन असे चिकित्सेचे दोन प्रकार आहेत: दोष शरीराबाहेर काढायचा ते शोधन, जागच्या जागी शांत करायचा ते शमन. रसशास्त्रात पारा आणि गंधक शोधल्याशिवाय औषधात घेत नाहीत. तिथले ‘शोधणे’ म्हणजे हरवलेला पारा हुडकणे नव्हे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातील चौथ्या अधिकरणाचे नाव कंटकशोधन आहे. राज्यातले काटे, म्हणजे प्रजेला पीडणारे लोक, दूर करण्याचा तो भाग. काटा काढायचा तर आधी तो सापडावा लागतो. तांदूळ निवडणारी बाई खडा शोधते की तांदूळ शुद्ध करते? तिच्या हातात ही दोन कामे वेगळी नसतात. भाषेतही ती बराच काळ वेगळी नव्हती.

मराठीतल्या या कामाचे एक जुने, थोर उदाहरण पैठणचे आहे. शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ साली, एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. तोंडोतोंडी आणि हातोहाती तीनशे वर्षे फिरताना ग्रंथात अपपाठ शिरले होते. नाथांनी ते काढले आणि पुढच्यांनी त्यात आपली भर घालू नये अशी ताकीदही दिली. त्यांना कुणी संशोधक म्हटले नाही, पण शब्दाच्या दोन्ही अर्थांनी ते संशोधनच होते.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पुण्यात दोन संस्था उभ्या राहिल्या आणि दोन्हींच्या नावात हा शब्द आला: १९१० साली भारत इतिहास संशोधक मंडळ आणि १९१७ साली भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर. मंडळाचे इतिहासकार राजवाडे गावोगाव दप्तरे धुंडाळत हिंडत होते. भांडारकर संस्थेत सुकथनकर आणि त्यांचे सहकारी महाभारताच्या हस्तलिखितांतले पाठ ताडून पाहत होते. एकाचे काम धुंडाळण्याचे, दुसऱ्याचे शुद्ध करण्याचे. मराठीतल्या ‘संशोधन’ शब्दाचा आजचा आकार या दोन कामांच्या शेजारातून घडला, असे मी मानतो. महाभारताचे ते काम १९६६ साली पूर्ण झाले. त्या आवृत्तीला मराठीत ‘चिकित्सित आवृत्ती’ म्हणतात, आणि इथे भाषेने एक सुंदर गाठ मारून ठेवली आहे. ग्रंथाची चिकित्सा आणि रोग्याची चिकित्सा यांना आपल्याकडे शब्द एकच. ‘कित्’ धातूच्या या रूपात जाणून घेण्याची इच्छा आणि बरे करण्याची इच्छा एकत्र नांदतात. पोथीतला पाठ असो की माणसाचे शरीर, बिघाड कुठे आहे ते आधी समजून घ्यायचे आणि मगच हात लावायचा.

संशोधनाची भावंडे थोडक्यात उरकू. ‘गवेषणा’ म्हणजे मुळात गायींचा शोध. बंगालीत आणि मल्याळममध्ये विद्यापीठीय संशोधनाचा रोजचा शब्द हाच आहे, आपल्याकडे तो ग्रंथांतच राहिला. ‘अन्वेषण’ महाराष्ट्रात पोलिसांकडे गेले: गुन्हे अन्वेषण विभाग. ‘अनुसंधान’ हिंदीत प्रयोगशाळेत गेले, मराठीत मात्र नामस्मरणात रमले. देवाशी अनुसंधान ठेवणे म्हणजे चित्ताचा धागा तुटू न देणे. इंग्रजी ‘रिसर्च’च्या मुळाशी फ्रेंचमार्गे आलेला गोल फिरण्याचा, भोवती हिंडण्याचा अर्थ आहे. या सगळ्यांत कुणीतरी कशाच्या तरी मागे जाते. शुद्ध करण्याची अट फक्त ‘शोध’ घराण्यात आहे.

ही अट समाजाला सर्वांत आधी लावली ती जोतीराव फुले यांनी. २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात स्थापन झालेल्या समाजाचे नाव सत्यशोधक. या शब्दाकडे आपण इतके सवयीने पाहतो की त्यातले धाडस जाणवत नाही. सत्य पोथीत तयार नाही, ते शोधायचे आहे, आणि शोधताना त्याच्यावर बसलेली पुटे खरवडायची आहेत, असे हे नाव सांगते. १८८२ साली शिक्षणाविषयीच्या हंटर आयोगापुढे फुल्यांनी निवेदन दिले. त्यात त्यांनी पैशाची वाट दाखवली: सरकारचे उत्पन्न मोठ्या प्रमाणात कष्टकरी रयतेकडून येते आणि शिक्षणावरचा खर्च वरच्या वर्गांच्या कामी येतो. शिक्षण झिरपत खाली जाईल, या तेव्हाच्या समजाला त्यांनी हिशेबाने उत्तर दिले. विद्यापीठाची पदवी नसलेल्या माणसाचे हे निवेदन मी समाजशास्त्रीय संशोधनात धरतो, आणि वरच्या रांगेत धरतो. आजही एखाद्या घटनेची चौकशी करायला नेमलेल्या समितीला मराठीत ‘सत्यशोधन समिती’ म्हणतात.

मग ज्यावर संशोधन करायचे त्या गोष्टीला काय म्हणायचे? आपल्याकडे दोन शब्द आहेत, प्रश्न आणि समस्या. बाबासाहेब आंबेडकरांच्या १९२३च्या इंग्रजी ग्रंथाचे नाव मराठीत कुणी ‘रुपयाचा प्रश्न’ असे देतो, कुणी ‘रुपयाची समस्या’ असे. ‘प्रश्न’ तर सरळच आहे, प्रच्छ् म्हणजे विचारणे. पण ‘समस्या’ हा शब्द आला कवींच्या सभेतून. एकाने श्लोकाचा एखादा चरण द्यायचा आणि दुसऱ्याने उरलेले चरण रचून तो पुरा करायचा, याला समस्यापूर्ती म्हणत. दिलेला तो अर्धवट चरण म्हणजे समस्या. सम् आणि अस्, एकत्र टाकणे, जोडणे. समास हा तिचा सख्खा भाऊ. एक जण चरण देतो, दुसरा तो पुरा करतो; देणाऱ्याचे ऐकल्याशिवाय पुरा करता येत नाही. समाजाच्या समस्येवर काम करणाऱ्याने हा मूळ अर्थ उशाशी ठेवावा असा आहे. चरण देणारा समोर बसलेला असतो, ही त्यातली मुख्य गोष्ट.

आणि ‘उपाय’? उप म्हणजे जवळ, इ म्हणजे जाणे. उपाय म्हणजे जवळ जाणे. औषध, तोडगा, इलाज हे अर्थ नंतरचे.

याच जवळ जाण्याची महाराष्ट्रातली मोठी कथा गडचिरोलीची आहे. अभय आणि राणी बंग यांनी १९८६ साली तिथे ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. पुढे तिची जी वसाहत उभी राहिली तिचे नाव शोधग्राम, आणि तिथल्या दवाखान्याला नाव दिले ते आदिवासींच्या दंतेश्वरी देवीचे. संस्थेचे नाव इंग्रजी, गावाचे मराठी, आणि दोन्हींत शोधच.

त्या काळात ग्रामीण स्त्रीचे आरोग्य म्हटले की अभ्यासकाच्या आणि सरकारच्या डोळ्यांपुढे दोनच गोष्टी येत: बाळंतपण आणि कुटुंबनियोजन. गरोदर नसलेली बाई या चित्रात कुठे नव्हतीच. इकडे बायका आपसांत बोलत होत्या. अंगावरून पांढरे जाते, कंबर धरते, ओटीपोटात दुखते. ‘पांढरे जाणे’ याला पुस्तकी मराठीत श्वेतप्रदर म्हणतात. पण हा शब्द घेऊन बाई डॉक्टरकडे येत नाही, आणि बाईचा शब्द डॉक्टरच्या कागदावर येत नाही. मधल्या जागेत आजार हरवतो. राणी बंग यांनी वासा आणि अमिर्झा या गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९च्या जानेवारीत ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकात तो अभ्यास छापून आला. ९२ टक्के स्त्रियांना एक किंवा अधिक स्त्रीरोग होते. पूर्वी कधी तशी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या अवघ्या ८ टक्के.

हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत. दवाखान्यात येणाऱ्या बायका मोजल्या असत्या तर आजार थोडाच दिसला असता, आणि बायकांना फारसा त्रास नाही असा निष्कर्ष सन्मानाने छापला गेला असता. कोण दवाखान्यात आले, हा प्रश्न अशुद्ध होता. कुणाला दुखते आहे, हा शुद्ध प्रश्न. राणीताईंच्या एका मराठी पुस्तकाचे नाव ‘कानोसा’ आहे. संशोधनपद्धतीच्या पाठ्यपुस्तकांत मुलाखत, प्रश्नावली, गटचर्चा असे पुष्कळ शब्द असतात. कानोसा त्यांत नसतो. भिंतीपलीकडून येणारा हलका आवाज श्वास रोखून ऐकणे म्हणजे कानोसा घेणे. जी बाई मोठ्याने बोलू शकत नाही तिच्यावरच्या अभ्यासाला याहून नेमका शब्द मला सुचत नाही.

मग नवजात बाळे. गडचिरोलीच्या त्या गावांत १९९३ ते १९९५ या काळात जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी ६२ पहिल्या महिन्यातच दगावत होती. बाळ का गेले हे कळायला शवविच्छेदन होणे शक्य नव्हते. म्हणून घरी जाऊन आईला विचारायचे: कण्हत होते का, दूध ओढायचे सोडले का, छाती आत जात होती का. या पद्धतीचे इंग्रजी नाव शब्दशः मराठीत आणले तर ‘तोंडी शवविच्छेदन’ असे काहीतरी होईल. हा शब्द कुठल्या आईसमोर उच्चारणार? गावात म्हणतात, मूल कसे गेले ते विचारायला आले होते. अभ्यासाच्या कागदावर हेच लिहिले तर काही बिघडणार नाही.

तेव्हाची वैद्यकीय समजूत अशी की आजारी नवजात बाळाचा इलाज रुग्णालयातच होऊ शकतो. बाळे मात्र घरात जन्मत होती आणि घरातच जात होती. शोधग्रामच्या अभ्यासाने ३९ गावांत गावातलीच थोडी शिकलेली बाई निवडली आणि तिला बाळ तोलणे, ऊब देणे, श्वास मोजणे, जंतुसंसर्ग ओळखणे आणि गरज पडल्यास प्रतिजैविकाचे इंजेक्शन देणे हेही शिकवले. तिचे नाव आरोग्यदूत. तुलनेसाठी दुसरी ४७ गावे होती. १९९९ साली हा अभ्यासही ‘लॅन्सेट’मध्ये आला: तिसऱ्या वर्षी हजारी ६२ वरून मृत्यू २५.५ वर आले होते. २०११ पासून देशभरच्या आशा कार्यकर्त्या घरी जाऊन बाळ पाहू लागल्या, त्यामागे हे काम आहे. ‘दूत’ या शब्दाचीही इथे दिशा बदलली. दूत राजाकडून परक्या मुलखात जातो. ही बाई गावचीच, गावातच राहणारी, आणि ती निरोप दोन्ही बाजूंना नेते. याच परंपरेत, या शतकाच्या सुरुवातीला, सरकारी नोंदीत न आलेले बालमृत्यू मोजून काढणारा एक अहवाल आला. त्याचे नाव होते ‘कोवळी पानगळ’. ‘बालमृत्यू दर’ हा शब्द ऐकून विधिमंडळात जे हलले नसते ते या दोन शब्दांनी हलले.

वैद्यकाचा भाग सोडण्यापूर्वी ‘निदान’ या शब्दाकडे एकदा पाहायला हवे. ऋग्वेदात निदान म्हणजे बांधायची दोरी. दा म्हणजे बांधणे. गुराचे दावे याच कुळातले. दोरी धरून मागे गेले की जनावर कुठे बांधले आहे ते सापडते, तसे रोगाच्या दोरीने कारणापर्यंत जायचे. म्हणून कारण, आणि मग रोगाची ओळख. मराठीने त्यात आणखी एक अर्थ घातला: निदान एवढे तरी कर. शेवटी, किमान, काही नाही तर इतके तरी. गडचिरोलीतल्या त्या बाईच्या हातातल्या तराजूत आणि घड्याळात निदानाचे दोन्ही अर्थ होते.

शिक्षणाकडे वळू. इथे महाराष्ट्राने देशाला एक शब्द दिला, आणि तो शब्द प्रयोगातून निघाला.

ताराबाई मोडक भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर बालशिक्षणाचे काम करून आल्या होत्या. १९४५ साली त्यांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले, अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला होत्या. ‘बालवाडी’ शब्द तोवर रुळत होता. त्यातली ‘वाडी’ संस्कृत वाटिकेपासून आलेली. जर्मन किंडरगार्टनमधली मुलांची बाग मराठीत अशी वाडी झाली असावी. बोर्डी-घोलवडच्या माणसाला बागेच्या अर्थाची वाडी सांगावी लागत नाही, चिकूच्या वाड्या त्याच्या दाराशीच आहेत. पण या बागेत दलित आणि आदिवासी वस्त्यांतली मुले येईनात. कारणे बाहेरून पाहणाऱ्याला चटकन दिसणारी होती: आईबापांना शिक्षणाचे महत्त्व नाही, मुले अस्वच्छ, लाजरी. ताराबाईंनी हे निदान मान्य केले नाही. मुले शाळेकडे का येत नाहीत, हा प्रश्न त्यांनी उलटा धरला: शाळा मुलांकडे का जात नाही? शिक्षिका वस्तीत गेली, मिळेल त्या अंगणात बसली, मुलांना न्हाऊमाखू घालून, गाणी म्हणून, दगड-पाने-शंख यांनीच मोजणे शिकवू लागली. बालवाडीची अंगणवाडी झाली. पुढे कोसबाडच्या टेकडीवर गुरे राखणाऱ्या वारली मुलांसाठी शाळा कुरणात गेली, तिचे नाव कुरणशाळा.

हे बदल फक्त नावाचे नव्हते. ‘बाल’च्या जागी ‘अंगण’ आले तेव्हा केंद्रस्थानी कोण, कुणी कुठे जायचे, याचा निर्णय झाला होता. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बाल विकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत सुरू केली आणि तिच्या केंद्राचे नाव ठेवले अंगणवाडी. आज हा शब्द हिंदीत आहे, तमिळनाडूत आहे, मल्याळममध्ये आहे. तो वापरणाऱ्या किती जणांना डहाणू तालुक्यातली ती अंगणे ठाऊक असतील?

अंगणवाडीच्या उलट उदाहरण ‘गळती’चे. १९२९च्या हार्टोग समितीने भारतातल्या प्राथमिक शिक्षणाचे दोन मोठे दोष सांगितले. मुले चौथीच्या आधीच शाळा सोडतात आणि खर्च वाया जातो, हा एक. एकाच इयत्तेत वर्षानुवर्षे अडकतात, हा दुसरा. शिक्षणखात्याच्या मराठीत पहिल्याला गळती हा शब्द रूढ झाला. शब्द सोपा, चित्रमय, पण मला तो खटकतो. गळते ते पाणी. पाण्याला इच्छा नसते, भूक नसते, धाकटे भावंड सांभाळायचे नसते. गळती म्हटले की भांडे बुजवण्याचा विचार सुरू होतो, मूल कुठे गेले हा प्रश्न मागे पडतो. ते उसाच्या फडात गेले, वीटभट्टीवर गेले, सासरी गेले. गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ आणि वि. म. दांडेकर यांनी सातारा जिल्ह्यातील प्राथमिक शिक्षणाची पाहणी केली, तिचे अहवाल १९५५ साली प्रसिद्ध झाले. सर्व देशाचे सरासरी आकडे घेऊन गळती मोजणे सोपे होते. त्यांनी एक जिल्हा धरला. अलीकडे ‘शाळाबाह्य मूल’ हा शब्द आला आहे. तो कोरडा आहे, पण त्यात निदान मूल आहे.

‘पाहणी’ हा आता आलेला शब्द पेशवाईच्या महसुलातला. उभ्या पिकाची पाहणी करून सारा ठरवायचा. २०२१ पासून शेतकरी मोबाईलवर करतो ती ई-पीक पाहणी हा त्याचा नवा अवतार. सर्वेक्षण हा त्याचा संस्कृत पर्याय आता जास्त चालतो, पण ‘सर्व’ पाहण्याचा दावा कुठलाही अभ्यास करू शकत नाही. पाहणी म्हटले की पाहणारा शेतात उतरलेला दिसतो. तिचा जोडीदार ‘नमुना’ फारसीतला, दाखवण्याच्या क्रियापदापासून आलेला. सातबारा हाही ‘गाव नमुना’च, आणि लाखो घरांतून निवडलेली शंभर घरे हाही नमुनाच.

नमुना पाहणीच्या आकड्यांतूनच १९७१ साली दांडेकर आणि नीलकंठ रथ यांचा भारतातील दारिद्र्यावरचा अभ्यास पुढे आला. माणसाला रोज २२५० कॅलरी मिळण्यासाठी किती खर्च करावा लागतो, ते त्यांनी काढले: १९६०-६१च्या किमतींनी खेड्यात दरमहा माणशी १५ रुपये, शहरात साडेबावीस. तेवढेही खर्चू न शकणारे खेड्यांत ४० टक्के होते आणि शहरांत ५० टक्के. ‘दारिद्र्यरेषा’ हा शब्द पुढे रेशनकार्डापर्यंत पोचला. दरिद्र शब्दाची व्युत्पत्ती द्रा, म्हणजे धावणे, या धातूच्या द्विरुक्त रूपातून सांगतात: पुन्हा पुन्हा इकडेतिकडे धावणारा. वणवण करणारा. ऊसतोडणीला निघालेले बिऱ्हाड पाहिले की हा हजारो वर्षांपूर्वीचा धातू किती अचूक होता ते कळते. पुण्यातच या रेषेवर वाद झाला. पां. वा. सुखात्मे यांचे म्हणणे असे की एकाच माणसाची अन्नाची गरज दिवसागणिक कमीजास्त होते, म्हणून सरासरीला रेषा मारून तिच्याखालच्या सगळ्यांना उपाशी ठरवता येणार नाही. दांडेकरांना ते मान्य नव्हते. दोघेही मराठी, दोघेही संख्याशास्त्र जाणणारे, आणि दोघेही भुकेबद्दल गंभीर. हा वाद म्हणजे रेषेचे शोधनच होते.

दांडेकरांच्याच नावाशी जोडलेला दुसरा शब्द ‘अनुशेष’. १९८३ साली राज्य सरकारने प्रादेशिक असमतोलावर त्यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली. १९८४च्या अहवालात तिने रस्ते, सिंचन, शाळा, दवाखाने असे एकेक क्षेत्र घेऊन राज्याच्या सरासरीपेक्षा कोणता जिल्हा किती मागे आहे ते मोजले आणि एकूण सुमारे ३,१८७ कोटी रुपयांचा अनुशेष काढला. शेष म्हणजे उरलेले. अनुशेष म्हणजे मागे उरलेले, देणे राहिलेले. त्याआधी विदर्भ-मराठवाड्याचा माणूस ‘आमच्यावर अन्याय झाला’ म्हणत असे, आणि अन्याय नाकारता येतो. अनुशेष नाकारता येत नाही, तो फेडावा लागतो. समितीच्या पद्धतीवर टीका झाली, ती बरीचशी रास्तही होती. पण आज यवतमाळचा किंवा हिंगोलीचा कोणताही कार्यकर्ता हा शब्द सहज वापरतो. अहवालाच्या पानावरून गावच्या पारावर पोचलेले असे शब्द थोडे आहेत.

उलट दिशेने, पारावरून अहवालात गेलेला शब्द ‘धरणग्रस्त’. ग्रस् म्हणजे गिळणे. ग्रहणात सूर्य ग्रस्त होतो, म्हणजे गिळला जातो. कोयनेच्या पाण्याने गावे गिळली हे अक्षरशः खरे होते. इरावती कर्वे आणि जाई निंबकर यांनी कोयना धरणामुळे उठलेल्या लोकांची पाहणी केली, ती १९६९ साली डेक्कन कॉलेजने छापली. इंग्रजीतल्या शब्दाप्रमाणे ते लोक ‘विस्थापित’, म्हणजे एका जागेवरून दुसरीकडे हललेले. मराठीतला ‘ग्रस्त’ सांगतो की काहीतरी नाहीसे झाले आहे. नुकसानभरपाईचा हिशेब करणाऱ्याने कोणता शब्द धरला, यावर हिशेबात काय येणार ते ठरते: फक्त जमीन, की देवराई, स्मशान, सोयरिकीचा पंचक्रोशीभरचा गोताही.

आता शेवटचा शब्द, ‘अहवाल’. हा अरबीतून आला. ‘हाल’ म्हणजे अवस्था, आणि त्याचे अनेकवचन अहवाल. मराठीत हे दोघे वेगळ्या घरी राहायला गेले. अहवाल कचेरीत गेला आणि हाल लोकांकडे राहिले. हाल होणे म्हणजे आता सोसणेच. आपल्या विद्यापीठांतले अहवाल आणि प्रबंध वाचताना ही फारकत जाणवते. ‘सदर अभ्यासात असे आढळून आले’ या भाषेत कुणाला आढळले आणि कुणाबद्दल आढळले, दोघेही गायब होतात. ज्या गावात जाऊन माहिती घेतली त्या गावाला प्रबंधात काय लिहिले ते कधीच कळत नाही. देशभरचे प्रबंध ‘शोधगंगा’ या संगणकीय भांडारात ठेवले जातात, ही चांगली सोय आहे, आणि नावही चांगले आहे. पण त्या गंगेचे पाणी ज्या शिवारातून आले तिथे परत जात नाही, कारण बहुतेक वेळा ते इंग्रजीत असते, आणि मराठीत असले तरी गावाच्या मराठीत नसते.

यावर करण्यासारखे एक साधे काम आहे. महाराष्ट्रातल्या एखाद्या गावावर, शाळेवर, वस्तीवर ज्याने प्रबंध केला त्याने दोन पानांचा मराठी अहवाल त्या गावासाठी लिहावा आणि ग्रामसभेत उभे राहून वाचावा. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या दिवशी अनेक गावांत ग्रामसभा भरतेच. लोक ऐकतील, काही ठिकाणी थांबवतील, हे असे नाही म्हणतील, आकडा चुकला म्हणतील, अमक्या आळीत तुम्ही आलाच नाहीत म्हणतील. ते सगळे उतरवून घ्यावे आणि मगच प्रबंध विद्यापीठात द्यावा.